चाळीस बटणांची माळ

१२ जून

प्रिय ठकू,

फोनच केला असता, पण तुमच्या शाळेचा फोन मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणि तुझा आवाज म्हणजे दवंडी. तेव्हा पत्रच बरं.

तीस तारखेला मी तुमच्याकडे येतेय. दर तीन वर्षांनी होते ती चाचणी. चौदा मुलं, चार दिवस. खरं तर नणंदेच्या शाळेत भावजयीनं चाचणी घ्यायला जाऊ नये. पण कमी दिसणाऱ्या मुलांची चाचणी घेणारे आमच्या चाचणी केंद्रात आम्ही दोघंच, आणि दुसरे घड्याळकाका गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी बसलेत. नातं असेल तर एक कागद भरून द्यायचा असतो. तो भरीन सवडीनं.

खोली शांत हवी. टेबल मुलांच्या उंचीचं. खिडकी मुलाच्या पाठीशी येऊ दे, म्हणजे ज्यांना थोडं दिसतं त्यांच्या डोळ्यांवर तिरीप यायची नाही. प्रश्नांची पुस्तिका यंदा पुन्हा छापलीय, कागद चांगला जाड आहे. आणि मुख्य म्हणजे मुलांना काही शिकवून ठेवू नका. पोटभर खाऊ घाला, शू करून आणा, बस.

तुझा दादा म्हणतो, ठकू तुला बोलावते, मला कधी बोलावत नाही. मी म्हटलं, तुमचीही चाचणी घेतली असती, पण तुमचा निकाल मला पंचवीस वर्षांपूर्वीच लागलाय.

तुझी,
वहिनी


१७ जून

वहिनी,

दुरूनच वाकून नमस्कार. जवळून वाकले तर उठवायला माणूस लागेल, अशी कंबर धरलीय.

खोली तयार आहे. कोपऱ्यातली, शिलाईवर्गाची. टेबलाचे पाय सुतारानं कापून दिले. जरा जास्तच कापले, तुम्हाला मांडी घालूनच बसावं लागेल.

चौदा जणांतल्या एकीबद्दल आधीच सांगते. तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण तिचे खिसे कायम भरलेले. रिळं, खडूचे तुकडे, बाटल्यांची झाकणं. नऊ वर्षांची आहे. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून उजेड आणि मोठे आकार तेवढे दिसतात. पण दिसण्याचं एवढं नाही हो, दिसण्यावर आमच्याकडे इलाज आहे, बोटं आहेत. तिचं बोलणं अडलंय. ‘पाणी’ म्हणते, ‘दे’ म्हणते. पण ‘आधी दप्तर ठेव, मग हात धू, मग पाणी पी’ म्हटलं की दप्तर धरून तशीच उभी. कान ठणठणीत आहेत, तपासून घेतलेत. शब्द आत जातात आणि वाटेत सांडतात. आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या स्पीचच्या बाई येतात तिच्यासाठी. तेवढ्यावर ही गाडी चाललीय.

मागच्या वेळी आलेले, आता निवृत्त झालेले गृहस्थ तिच्या कागदावर ‘चाचणी शक्य नाही’ एवढंच लिहून गेले. यंदा गुण रेषेच्या खाली आले तर तिला त्या लांबच्या केंद्रात पाठवायचं, असं मुख्याध्यापक म्हणतात. मी ते केंद्र पाहिलंय. स्वच्छ आहे. माणसं वाईट नाहीत. सकाळी अकरा वाजता बारा मुलं भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली होती आणि रेडिओ चालू होता. तिथं सांभाळतात, शिकवत नाहीत. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करते, दर रविवारी वसतिगृहात भेटायला येते. मला विचारते, “बाई, ठेवतील ना हिला इथं?” मी काय सांगू?

तुम्ही म्हणता शिकवू नका, तर नाही शिकवत. नेहमीचा अभ्यास चाललाय. एक विचारू? प्रश्न ठरल्या क्रमानंच विचारता ना? क्रम बदलला की मुलं बावरतात, म्हणून विचारलं.

तुमची,
ठकू


९ जुलै

प्रिय ठकू,

घरी पोचले. हो, क्रमानंच विचारतो, ते तू पाहिलंसच. तुमच्या सुताराला माझ्या मांड्यांचा आशीर्वाद सांग.

तुझी खारूताई! अगं, मी तर धास्तावून बसले होते. तू लिहिलेलं वाचून वाटलं, एक उत्तर मिळालं तरी नशीब. आणि ही पोरगी उजवा हात खिशात घालून बसली, मान खाली, आणि एकामागून एक उत्तरं! ‘कापायला काय लागतं?’ ‘कात्री.’ ‘झोपताना अंगावर काय घेतेस?’ ‘पांघरूण.’ माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. खिशात हात सारखा चाळवत होता, पण सवय असते एकेकाला, मी टोकलं नाही. चाळीसपैकी सदतीस! दोन-तीन ठिकाणी गंमत केलीन. ‘दार बंद असलं तर काय वाजवतेस?’ विचारलं, तर ‘छत्री’. ‘एका हाताला बोटं किती?’ ‘सात.’ मी हसू दाबत लिहून घेतलं. दमली असेल.

मला विचारशील तर तू तिच्याबद्दल जरा जास्तच काळजी करतेस. ती लाजरी आहे, अडलेली नाही. मी अहवालात स्पष्ट लिहिलंय: भाषा वयाप्रमाणे, शाळा बदलण्याची गरज नाही.

उठावाच्या चित्रांत मात्र सगळेच आपटले. कागदावर उठवलेला कप एकालाही ओळखता आला नाही. तुमच्या दुसरीतली ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “बाई, ह्या कपाला आत नाहीये.” परतीच्या वाटेवर तेच डोक्यात घोळत होतं. डोळस माणसानं काढलेलं चित्र नुसतं उठवलं म्हणून ते बोटांचं होतं का? कप खरा द्यायला काय होतं?

दादानं तुझ्या लोकरीच्या मोज्यांचा ताबा घेतलाय. ते मला दिले होतेस, हे त्याला कळत नाही.

वहिनी


३ सप्टेंबर

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, राग मानू नका. तुमचा अहवाल आला त्या दिवशी खारूताईच्या आईनं ऑफिसात सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले. इस्त्रीनं कडक झालेले तिचे हात. मला जमिनीत जावंसं वाटलं.

आता लिहिते ते शांतपणे वाचा. अहवालात ‘भाषा वयाप्रमाणे’ असल्यामुळे स्पीचच्या बाई बंद झाल्या. जिला गरज नाही तिला का, असं वरून आलं. आणि गुण चांगले म्हणून तिला वरच्या वर्गात घातलं. तिथले सर भले आहेत, पण एका दमात चार वाक्यं बोलतात. ही दिवसभर बाकाच्या कडेवरून नख फिरवत बसते.

मागच्या आठवड्यात तिचा कान दुखत होता. तीन दिवस. कुणालाच कळलं नाही. स्पीचच्या बाई होत्या तेव्हा त्यांच्याजवळ एक कापडी बाहुली असायची, तिच्या अंगावर बोट ठेवून ही ‘इथं’ म्हणायला शिकली होती. ती बाहुलीही बाईंबरोबर गेली. चौथ्या दिवशी उशीवर डाग दिसला तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे धावलो. आता बरी आहे.

वहिनी, तुमच्या शब्दाला वजन आहे. गुण तसेच ठेवून, गाजावाजा न करता, स्पीचच्या बाई परत मिळतील असं काही लिहून देता येईल का?

ठकू


९ सप्टेंबर

ठकू,

गुण तसेच ठेवून स्पीचच्या बाई कशा मागू? एकाच कागदावर ‘भूक नाही’ आणि ‘ताट वाढा’ कसं लिहू? म्हणून मी तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढली.

तिची तीन उत्तरं चुकली होती. छत्री, सात, आणि तिसरं म्हणजे ‘बर्फ हाताला कसा लागतो?’ याला तिनं ‘पांढरा’ म्हटलं होतं. तेव्हा मला ते कवितेसारखं वाटलं होतं, काय सांगू.

यंदाच्या पुस्तिकेत आम्ही तीनच प्रश्न बदललेत. अकरावा, तेविसावा आणि चौतिसावा. मी कपाटातून जुनी पुस्तिका काढली. अकरावा: पावसात डोक्यावर काय धरतेस? तेविसावा: दूध कोणत्या रंगाचं असतं? चौतिसावा: आठवड्यात दिवस किती?

मला जास्त लिहवत नाही. तू सांग.

वहिनी


१५ सप्टेंबर

वहिनी,

हो. मीच.

पाच वर्षांपूर्वी तुमच्या केंद्रात आमचं प्रशिक्षण झालं, तेव्हा नमुना म्हणून वाटलेली पुस्तिका परत घ्यायची तुम्ही विसरलात. माझ्या ट्रंकेत होती. एप्रिलपासून दुपारी शाळा सुटली की मी तिला शिलाईवर्गात घेऊन बसायचे. प्रश्न तिच्या डोक्यात राहीना, मग मी प्रश्न सोडूनच दिले. बटणांच्या डब्यातून चाळीस वेगवेगळी बटणं निवडली, दोन भोकांची, चार भोकांची, लाकडी, पितळी, खडबडीत, आणि दोरीत ओवली. पहिलं बटण म्हणजे कात्री. दुसरं म्हणजे पांघरूण. मी बोलायचं थांबायला आले की तिनं एक शब्द म्हणायचा आणि बोट पुढच्या बटणावर न्यायचं. तिला तो खेळ वाटायचा. रोज सुटल्याबरोबर दाराशी येऊन उभी राहायची.

पुस्तिका बदललीय हे मला माहीत नव्हतं. ‘पुन्हा छापलीय, कागद जाड आहे’ एवढंच तुम्ही लिहिलं होतं. तुम्ही दाराआड ‘दार बंद असलं तर’ म्हणालात आणि आतून ‘छत्री’ ऐकू आलं, तेव्हा बाहेर व्हरांड्यात मला कळलं, प्रश्न बदललाय. पण तुमचं दाबलेलं हसू ऐकू आलं. मला वाटलं, निभावलं.

ती बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेली मला दिसायची, वहिनी. दुसरं काही दिसतच नव्हतं. आणि तिला जिथं शब्द हवे होते तिथूनच मी त्या बाईंना घालवलं. माझ्या हातानं.

माळ बरोबर पाठवतेय. इथं ठेवली तर मी पुन्हा लपवीन.

दादाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ठकू


२० ऑक्टोबर

प्रिय ठकू,

महिना लावला. दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला नाही नाही ते बोलले होते. दुसऱ्यात इतकी समजूतदार झाले होते की माझाच मला राग आला.

दादाला सांगितलं. त्यानं तुझं पत्र मागून घेऊन वाचलं. मग म्हणाला, “लहानपणी आम्ही तिला ठकू म्हणायला लागलो ती बाहुलीवरून. ती आपल्याला ठकवेल असं कुठं माहीत होतं?” आणि उठून तुझे मोजे धुऊन वाळत टाकले. तो रागावला की कपडे धुतो, तुला माहीतच आहे.

मी केंद्रात सगळं लेखी दिलंय. तुझं आणि माझंही. नात्याचा कागद मी भरलाच नव्हता. एक मूल प्रश्न संपायच्या आत उत्तर देतं, हात खिशातून काढत नाही, बर्फाला पांढरा म्हणतं, आणि मी, वीस वर्षं हेच काम करणारी, कौतुक करत बसते. तू लबाडी केलीस, पण मला ती आवडली म्हणून चालली. मला एक मेमो मिळालाय. तुमच्या मुख्याध्यापकांनाही पत्र जाईल. तुला त्रास होईल, मी टाळू शकत नाही. टाळू शकले असते तरी टाळला नसता.

आता दुसरं. तुझी माळ माझ्या टेबलावर पडून होती. एका रविवारी मी डोळे मिटले आणि दादाला म्हटलं, एकेका बटणाला एकेक शब्द सांगा, मी पाठ करते. तासाभरानं मला नऊ आले. दादाला सहा आले आणि झोप आली.

ठकू, नऊ. आणि त्या मुलीनं चाळीस केले. ज्या शब्दांचा अर्थ तिला धड लागत नाही असे चाळीस शब्द तिनं बोटांच्या टोकावर लावून ठेवले, अनोळखी बाईसमोर बसून एकदाही बटण चुकली नाही. आमच्या पुस्तिकेत हे मोजणारा प्रश्नच नाही. तिला शिकता येतं की नाही हे आम्ही तिला आधी येतं की नाही यावरून ठरवतो, आणि तेही लांबलचक वाक्यांत विचारून.

घड्याळकाका आता काठी घेऊन चालतात. त्यांना सगळं सांगितलं, आणि तेच नोव्हेंबरात येतील. उठावाची चित्रं नाहीत, खऱ्या वस्तू. प्रश्न तीन शब्दांचे. आधी नवीन काही शिकवायचं आणि किती वेळात शिकते ते बघायचं, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. यात ती उत्तीर्ण होईल असं मी म्हणत नाही. जे आहे ते दिसेल एवढंच.

तू मध्ये पडू नकोस.

वहिनी


२८ नोव्हेंबर

वहिनी,

घड्याळकाका आले, दोन दिवस राहिले. त्यांच्या घड्याळाला काच नाही, काट्यांवर बोट ठेवून वेळ बघतात, हे कळताच आमची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. चहा घेताना मला म्हणाले, “मला दिसतं हो चांगलं. पण मुलाकडे बघायचं सोडून मनगटाकडे बघितलं की मूल घाई करतं.”

त्यांनी मला व्हरांड्यात बसायला सांगितलं आणि दार उघडं ठेवलं. पहिल्यांदा त्यांनी एक लाकडी पेटी खारूताईपुढे ठेवली. चार बाजूंना चार तऱ्हेच्या कड्या. तिचे हात धरून एकदा उघडून दाखवली. दुसऱ्यांदा तिनं दोन कड्या आपल्या आपण काढल्या. तिसऱ्यांदा चारही, आणि काकांनी सांगितलं नव्हतं तरी उलट क्रमानं बंदही केल्या.

मग त्यांनी तिच्या हातात कुलूप दिलं.

“हे काय?”

ती गप्प. मी मनात आकडे मोजायला लागले. वीस झाले, तीस झाले. काका काही म्हणाले नाहीत. पंचेचाळिसाव्या आकड्याला ती म्हणाली, “बंद... बंद करतं.”

“हो,” काका म्हणाले आणि लिहून घेतलं. एवढंच. पाच वर्षांत मी तिला दहा आकड्यांच्या वर कधी थांबू दिलं होतं का, आठवत नाही. मी लगेच शब्द पुरवायची. मला वाटायचं ती माया.

निकाल आला. हाताचं काम आणि लक्षात ठेवणं वयाच्या पुढे. भाषा चार वर्षं मागे. ‘बाकावर बसवायच्या’ त्या केंद्राचा प्रश्नच उरला नाही. पण आठवड्यातून दोनदा पुरणार नाही, रोज भाषेचे तास हवेत, असं काकांनी लिहिलंय. तशी शाळा एकच आहे आणि ती इथून दिवसभराच्या प्रवासावर.

मी तिच्या आईला म्हटलं, इथं स्पीचच्या बाई परत येणार आहेत, ती इथं रुळलीय, आम्ही तिला ओळखतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाई, तुमच्याकडे ती गप्प बसून गुणी होती. मला तिचं बोलणं ऐकायचंय.” आवाज चढवला नाही. माझे हात मात्र या वेळी धरले नाहीत. तिला सगळं कळलंय, मीच सांगितलं.

माझ्याकडून वर्ग काढून घेतलाय, दोन वर्षांसाठी. आता मी ब्रेलची पुस्तकं तपासते आणि शिलाईवर्ग बघते. नोकरीच्या पुस्तकात नोंद झालीय. मुख्याध्यापक माझ्याशी अतिशय आदरानं बोलतात, तेच सोसत नाही.

ती दोन जानेवारीला जाणार.

ठकू


५ डिसेंबर

ठकू,

सोडायला तू जाऊ नकोस. आई जाऊ दे.

रागानं नाही सांगत. पहिल्या दिवशी तू असलीस तर ती तुझ्याकडे वळेल आणि तू शब्द पुरवशील. दोन महिने जाऊ देत, मग जा भेटायला.

आणि इकडे ये चार दिवस. तुझा दादा उघडपणे म्हणत नाही, पण काल त्यानं पाहुण्यांच्या पलंगाचा डुगडुगणारा पाय नीट केला.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

काल जाऊन आले. तुमच्याकडून परतल्यावर महिनाभर धीर गोळा करत होते.

शाळा साधी आहे. एक लांब ओसरी, सात-आठ वर्ग, दारांवर चिठ्ठ्या नाहीत, वस्तू टांगलेल्या. एका दारावर चमचा, एकावर कुंचला. मी दुपारी पोचले. तिला ओसरीवर घेऊन आले. उंच झालीय. मी हाक मारली नाही, तिला हातानंच कळू दे म्हटलं. तिनं माझं मनगट चाचपलं, बांगडी चाचपली आणि म्हणाली, “शिलाईच्या बाई.” शिलाईच्या! पाच वर्षं मी तिला ब्रेल शिकवलं, आणि तिच्या लेखी मी दुपारच्या बटणांची. मी काही बोलले नाही. थांबायचं ठरवूनच गेले होते. बाकावर शेजारी बसलो. मी आकडे मोजत होते. साठाच्या पुढे कुठंतरी मोजणं सोडून दिलं.

आणि मग वहिनी, ती म्हणाली, “बाई, तुम्ही जेवलात का?”

शब्द सुटे सुटे, मध्ये दम घेत, पण पुरं वाक्य. ‘जेवलात.’ ‘का.’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत या मुलीनं मला एकदाही काही विचारलं नव्हतं. आम्हीच तिला विचारत आलो, मी, तुम्ही, सगळे. तिला कुणाला काही विचारायचं असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

मी वाटेत बसस्टँडवर खाऊन घेतलं होतं. तोंडाशी आलं होतं की नाही म्हणावं, म्हणजे ती खूश होईल, मला बरोबर नेईल. मी म्हटलं, “हो, जेवले.”

तिनं विचार केला. म्हणाली, “मी नाही. बसा तुम्ही.”

आणि उठली, भिंतीला बोट लावत ओसरीच्या टोकाला गेली आणि वळली. आतून ताटांचा आणि पोरांचा आवाज येत होता. त्यात तिचा कुठला ते मला ओळखता येईना.

मी बसून राहिले. चांगला अर्धा तास. खरं सांगते, इतकं स्वस्थ मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

तुमची,
ठकू